न उडणारं बदक

६ डिसेंबर

ती. मामांना नमस्कार.

मामीचा मफलर मिळाला. इतका लाल आहे की काल तो गुंडाळून काठावर गेले, तर समोर बसलेली बदकं उठून पलीकडच्या काठाला गेली. मामीला सांगा, ऊब झकास आहे. तुमची पाखरं मात्र त्याच्यावर नाराज आहेत.

नवी जागा कशी आहे, विचारलंत. जलाशय, पंपघर, माझी पाणी तपासायची प्रयोगशाळा आणि तिच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. संपलं. संध्याकाळी कारकून आणि शिपाई गाडीत बसून गावाकडे निघून जातात आणि मागे उरतो आम्ही दोघं, मी आणि पंपवाले. पंपवाले म्हणजे पंप चालवणारे काका. पन्नाशीचे असतील. प्रत्येक वाक्याआधी ‘ताई, ऐका’ म्हणतात. माझी शेगडी त्यांनीच जोडून दिली, दाराची कडी बसवून दिली. माणूस देवासारखा आहे.

तुमच्यापाशी काय लपवायचं, मामा, मला इथे भीती वाटते. धुकं पायरीपर्यंत येतं आणि मग जलाशय कुठे संपतो ते कळत नाही. शनिवार-रविवारी पहाटे लांबून ठो असा आवाज येतो. पंपवाले म्हणतात, ‘ताई, ऐका, पाइपात हवा कोंडते, ती सुटताना वाजतं.’ पटतं. तरी पुढच्या आवाजाला मी दचकतेच. लहानपणी मी जरा खुट्ट झालं की घर डोक्यावर घ्यायचे म्हणून तुम्ही मला टिटवी म्हणायला लागलात, ते अजून खोटं ठरलेलं नाही.

म्हणून तुमची जुनी दुर्बीण काढली. पाखरं बघताना भीती विसरते. दोन अडचणी आहेत. एक, प्रयोगशाळेच्या खिडकीशी येणाऱ्या तपकिरी पाखरांना मी चिमण्या म्हणत होते, पण त्यांच्या छातीवर रेघा आहेत. दोन, लव्हाळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात एक तपकिरी बदक असतं, एकटंच. चक्रांग या छोट्या बदकाची मादी म्हणावी, तर चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका आहे. दुर्बिणीचं डावं भिंग अजून तसंच पुसट आहे, तेव्हा माझ्यावर फार विसंबू नका.

खुब्याचं हाड कितपत जुळलं? कानांचं विचारत नाही, विचारलं तरी ऐकू येणार नाही.

तुमची टिटवी


१२ डिसेंबर

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

कानांवरून केलेला विनोद वाचला. वाचता येतं मला. कान गेल्यापासून फोनवर माझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, म्हणून तरी तुझी पत्रं मिळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवरून मला फक्त समोरच्या इमारतीची टाकी दिसते. टाकीवर कबुतरं. तेव्हा पोरी, यंदाचा माझा हिवाळा तुझ्या डोळ्यांवर आहे.

आधी खिडकीतली पाखरं. चिमणीच्या मादीची छाती साधी असते आणि डोळ्यामागे फिकट पट्टा असतो. तुझ्या पाखराच्या छातीवर रेघा आहेत आणि चेहरा कोरा असेल, तर ती गुलाबी फिंचची मादी. नर सापडला की गुलाबी डोकं दिसेलच. सोपं आहे.

आता बदक. शाळेत चित्रकला शिकवताना मी काय सांगायचो, आठवतं? अंगकाठी आधी, रंग मग. रंग फसवतो. बदकांच्या माद्यांना तर निसर्गाने एकाच डब्यातला तपकिरी फासलाय. ठिपका म्हणतेस, तो भुवई बदकाच्या मादीलाही असतो, पण पुसट, आणि डोळ्यावरून जाणारी काळी रेघ ठळक असते. रेघ नसेल आणि ठिपका गोल, स्वच्छ पांढरा, शाईचं बोट टेकवल्यासारखा असेल, तर… आत्ता नाव लिहीत नाही. लिहिलं तर मला झोप लागायची नाही.

मला पुढचं बघून कळव. ठिपक्याचा आकार. पोहताना मान कशी धरते. आणि मुख्य म्हणजे पंख उघडल्यावर आतला हिरवा पट्टा. जवळून बघ. तो मफलर घरी ठेव. तपकिरी शाल घे, डोक्यावर टोपडं घाल आणि त्यात वाळकी लव्हाळी खोच. पाखराला तू गवत वाटली पाहिजेस.

भीतीचं म्हणशील तर पाइप वाजतात. मीही नळांच्या खोलीशेजारच्या वर्गात वीस वर्षं शिकवलं आहे.

तुझा मामा

ता.क. टिटू, मी मामी. हे काहीही सांगतील. गळा झाकत जा.


२२ डिसेंबर

ती. मामांना नमस्कार.

फिंच बरोबर ओळखलीत. नर गुरुवारी आला. गुलाबी डोकं घेऊन खिडकीच्या गजावर बसला, आणि मी टेस्ट ट्यूब हातात धरून तशीच उभी राहिले. कारकून म्हणाला, मॅडम, पाणी सांडतंय.

आता तुमच्या बदकाचा हवाला. ठिपका गोल. स्वच्छ पांढरा. डोळ्यावर रेघ नाही, किंवा मला दिसत नाही. चक्रांगापेक्षा मोठं वाटतं, पण धुक्यात अंदाज येत नाही. मान कायम सरळ. चोच पाण्यात घालताना मी अजून पाहिलेलं नाही. पंख उघडलेले नाहीत. रोज नसतं. आठवडाभर कोपरा रिकामा असतो आणि शनिवारी पहाटे ते पुन्हा तिथेच, वाऱ्याकडे तोंड करून. बाकीची बदकं मात्र त्याच्यापाशी विश्वासाने उतरतात.

एक विचित्र गोष्ट. शनिवारी वरून भोवत्या आला, तो लांब पंखांचा शिकारी पक्षी. जलाशयावरची झाडून सगळी बदकं उडाली. एवढा मोठा आवाज झाला की मीच खाली बसले. पाणी मोकळं झालं. आणि हे एकटं तिथेच. मान वळवली नाही, काही नाही. मामा, माझ्या अंगावर काटा आला. जिवाची भीती नसलेलं पाखरू मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि आणखी एक सांगायचं की नाही, ठरत नव्हतं. त्या कोपऱ्याजवळच्या चिखलात मला बुटांचे ठसे दिसले. मोठे, ताजे. लव्हाळ्यात एके ठिकाणी कोणी बसल्यासारखी जागा दबलेली होती आणि विडीचा वास होता. मी तिथून जवळजवळ पळतच आले. पंपवाल्यांना विचारलं, तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, ‘ताई, ऐका, त्या कोपऱ्यात पुन्हा जायचं नाही. गाळ आहे, माणूस कंबरेपर्यंत जातं. मासे चोरणारे येत असतील. तुम्ही आपल्या या काठावरून बघा.’ इतकं कळकळीने म्हणाले की मी हो म्हटलं.

तेव्हा मामा, ठिपका एवढाच पुरे करा ना. मला खरंच तिकडे जायचं नाही.

तुमची टिटवी


२९ डिसेंबर

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी खाटेवर बसलेला नाही, टेकलेला आहे. मामी म्हणते, हाड पुन्हा मोडेल. मोडू दे.

तुला नाव सांगतो. ठिपकेवाली चक्रांग. आपल्या साध्या चक्रांगाची दूरची बहीण. हिवाळ्यात एखादीच वाट चुकून इतक्या लांब येते. मी तीस वर्षं तिच्या मागे होतो. दोनदा निरोप आला, दोनदा पोचेपर्यंत उडून गेली होती. आता मी उठू शकत नाही, आणि ती माझ्या भाचीच्या दारात येऊन बसली आहे. टिटवे, हे काय कमी आहे?

तुझ्या शंकांचं बघू. मोठी दिसते, कारण धुक्यात सगळंच मोठं दिसतं. उडाली नाही, कारण दमलेलं किंवा पंखाला इजा झालेलं पाखरू जागा सोडत नाही. आठवडाभर दिसत नाही, कारण आठवडाभर तू तिथे नऊला जातेस आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे. बुटांचे ठसे मासे चोरणाऱ्याचे. त्याला तुझ्याशी काय करायचंय? तो तुलाच घाबरत असेल, तू सरकारी माणूस. पंपवाल्यांना यातलं काही सांगू नकोस. भला माणूस आहे, उगाच काळजी करेल आणि चार जणांत बोलेल, आणि गाजावाजा झाला की पाखरू गेलंच म्हणून समज.

आता पंख कसे उघडायला लावायचे ते सांगतो. लहानपणी शिकवलेली मुठीची हाक आठवते ना? दोन्ही मुठी एकमेकींत अडकवायच्या, अंगठ्यांमधल्या फटीतून फुंकर, घशातून घोगरा आवाज. तू माझ्यापेक्षा चांगली काढायचीस. तळ्यावरच्या माद्या तुला उत्तरं द्यायच्या. पहाटे लव्हाळ्यात आत शीर, हालचाल करू नकोस आणि दर थोड्या वेळाने हाक दे. एकटी मादी हाकेला नक्की वळते. वळली की पंख झटकते. तेवढं बघ आणि मला कळव. मग तुला कधी काही मागणार नाही.

तुझा मामा

ता.क. बाळ, पाकीट चिकटवता चिकटवता लिहितेय, त्यांना दिसणार नाही. एकटीने जाऊ नकोस. गेलीसच तर मफलर टोपड्याच्या आत घाल. त्यांना सांगू नकोस, नाहीतर मला महिनाभर पाखरांच्या सर्दीवर भाषण. मामी.


१२ जानेवारी

मामा!

तिने उत्तर दिलं!

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला होता. मी घाबरलेय म्हणते आणि हे मला लव्हाळ्यात शिरायला सांगतात. पण तीस वर्षं हे शब्द डोक्यातून जाईनात. शनिवारी पहाटे गेले. पंपवाल्यांच्या खोलीपुढून चपला हातात घेऊन गेले, लहानपणी तुमच्याबरोबर मामीला चुकवून जायचो तशी. ते झोपलेलेच होते, काही हालचाल दिसली नाही. गाळबिळ काही नाही मामा, घोट्याएवढा चिखल आहे.

लव्हाळ्यात बसले. दात वाजत होते, थंडीने की भीतीने ते सांगता येणार नाही. दोनदा हाक फसली, नुसती हवा. तिसऱ्यांदा लागली. आणि समोरच्या धुक्यातून, बरोबर त्या कोपऱ्यातून, हाक आली. अगदी तशीच, घोगरी. मी पुन्हा हाक दिली, पुन्हा उत्तर. किती वेळ आम्ही दोघी बोलत होतो कोण जाणे. मला भीतीच राहिली नाही. वाटलं, तीही एकटी, मीही एकटी.

काल रविवारी पुन्हा गेले. काल हाक जास्त जवळून येत होती, म्हणून मीही थोडी पुढे सरकले. धुकं क्षणभर विरळ झालं तेव्हा दुर्बिणीतून स्वच्छ दिसली. ठिपका दिसला. पण एक कळलं नाही. हाक येत होती तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते आणि तिची चोच हलत नव्हती. मिटलेली. आपल्या चक्रांगाची मादी ओरडताना चोच उघडते ना? या जातीची रीतच वेगळी आहे का? पुस्तकात बघून ठेवा.

मी हाक देतच होते, तेवढ्यात पाइपाचा ठो आवाज झाला, या खेपेला फारच मोठा, आणि माझ्या डोक्यावरच्या लव्हाळ्यातून सर्रकन काहीतरी गेलं. पाखरू उठलं असेल. मी तशीच परत आले.

येत्या रविवारी शेवटचं. अगदी जवळ जाऊन पंख बघतेच.

तुमची टिटवी


१७ जानेवारी

टिटवे,

जाऊ नकोस.

हे पत्र मामीच्या हाती देतोय, ती आज रात्रीच्या बसने निघते आहे. टपालावर माझा भरवसा नाही. तुझं पत्र आज दुपारी आलं. चोच हलत नव्हती इथपर्यंत वाचलं आणि तुझी मागची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली.

ते बदक लाकडाचं आहे. शिकारी लोक खरी बदकं भुलून खाली यावीत म्हणून लाकडाचं रंगवलेलं बदक पाण्यात सोडतात. ते चरत नाही, पंख उघडत नाही, भोवत्या आला तरी उडत नाही. तू मला प्रत्येक पत्रात तेच सांगत होतीस. तू डोळ्यांनी पाहत होतीस आणि मी इथे खाटेवर पडून माझ्या मनातलं पाखरू त्यावर रंगवत होतो.

हाक लाकूड देत नाही. त्याच्यामागे लव्हाळ्यात माणूस बसलेला आहे आणि तो पिपाणी वाजवतो. तो आवाज पाइपाचा नाही, बंदुकीचा आहे. तिथे शिकारीला बंदी असणार, म्हणून तो लपून, सुट्टीच्या पहाटे येतो. तुझ्या डोक्यावरून सर्रकन गेले ते छर्रे होते. त्याने तुझ्या हाकेवर नेम धरला होता. त्याला वाटतंय, समोर बदक आहे. आणि तुला बदक मी केलं. तपकिरी शाल मी सांगितली, टोपडं मी सांगितलं, हाक मी शिकवली.

मामीने प्रयोगशाळेत फोन लावला. कोणी उचलत नाही, शनिवारची कचेरी बंद असणार. गावातल्या पोलिसांना लावला. मी खाटेवरून ओरडत होतो, बदक लाकडाचं आहे, बदक लाकडाचं आहे! पलीकडचा म्हणाला म्हणे, आजोबा, मग तक्रार काय आहे? मामीने समजावून सांगितलं. बघतो म्हणाला.

दार लावून घरात बस. पंपवाल्यांना सगळं सांग, ते भले आहेत, ते तुला बाहेर जाऊ देणार नाहीत.

मी तुझ्या पाया पडतो, पोरी.

मामा


१९ जानेवारी

अहो,

पोरगी जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, आता पाणी प्या आणि बाकीचं बसून वाचा.

वाटेत धुक्यामुळे बस तीन तास खोळंबली. मी पोचले तेव्हा रविवारचा दिवस चांगला वर आला होता. क्वार्टरला कुलूप. पंपघराला कुलूप. तुमचं पत्र माझ्या पिशवीत. मी त्या पायरीवर बसले, तेव्हा माझी अवस्था काय झाली ते मी तुम्हाला या जन्मात सांगणार नाही. मग पोलिसांनी पहाऱ्याला ठेवलेल्या हवालदाराने येऊन सांगितलं, बाईंना गावातल्या इस्पितळात नेलंय.

डाव्या खांद्यात छर्रे होते, काढले. एक भुवईच्या वर लागलाय. डोळा सुजून बंद आहे, डॉक्टर म्हणतात सूज उतरल्याशिवाय काही सांगता येणार नाही. शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाली, मामी, मामांना कळवू नकोस. घ्या, हे तुमच्या भाचीचं.

आता दुसरं सांगते. तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. शर्टावर रक्त, हातात आमच्या टिटूचा एक बूट. शेजारी पोलीस. मला म्हणाला, ‘ताई, ऐका,’ आणि तो बूट माझ्यापुढे धरला. मग मला कळलं, हाच पंपवाला.

हो. तोच. शेगडी जोडणारा. शनिवार-रविवारी वरिष्ठांपैकी कोणी नसतं, म्हणून हा पहाटे बंदूक घेऊन बसायचा. तिला ठसे दिसले तेव्हाच घाबरला होता, म्हणून गाळाची गोष्ट रचली. ती हो म्हणाली, याला वाटलं ती ऐकणारी मुलगी आहे. मला म्हणाला, ‘गेल्या शनिवारपासून एक मादी मला उत्तरं देत होती. एवढी खरी हाक मी जन्मात ऐकली नव्हती. मला तीच पाहिजे होती.’ अहो, तो आणि तुम्ही, दोघं एकाच बदकाच्या मागे होतात, आणि मधे माझी पोर बसली होती.

मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. मग तो म्हणाला, ‘नेम धरला होता, बोट ओढलंच होतं. तेवढ्यात ती पुढे सरकली आणि लव्हाळ्यात लाल काहीतरी दिसलं. लाल बदक नसतं. मी नळी वर फेकली, पण बार सुटला होता.’ त्याने तिला पाठीवर घालून सडकेपर्यंत धावत नेलं, ट्रक थांबवला, आणि पोलिसांना स्वतःच सगळं सांगितलं. हात मी खाली घेतला. माफ केलेलं नाही.

टोपडं घसरलं होतं म्हणे. मफलर आत होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आयुष्यभर तुम्ही शिकवलंत, अंगकाठी आधी आणि रंग मग. त्या धुक्यात अंगकाठीने तिला मारलंच होतं.

ते लाकडी बदक पोलिसांनी जप्त केलंय. चौकीत टेबलावर होतं, मी हातात घेऊन बघितलं. चोचीपाशी खिळ्याचं डोकं आहे, गोल. त्यावरचा रंग उडालाय. तो तुमचा ठिपका. त्यांनी दिलं असतं, तर तुमच्या खाटेशेजारी आणून ठेवलं असतं.

औषधं वेळेवर घ्या. शेजारीण डबा देईल. माझी वाट बघू नका, मी इथेच आहे.


२५ जानेवारी

चि. टिटवीस,

मामीचं पत्र रोज वाचतो. खाटेवरून जिना दिसत नाही आणि पोस्टमनची पावलं मला ऐकू येत नाहीत. त्यामुळे दाराच्या फटीतून पाकीट आत सरकताना दिसेपर्यंत काही कळत नाही. ते सरकलं की आधी भीती वाटते. तुझा डोळा. त्यापुढे मला काही सुचत नाही.

तू लिहिलं होतंस, मला तिकडे जायचं नाही. मी ते वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो. आता तेवढंच एक वाक्य दिसतं.

पुस्तकं शेजारणीकडून माळ्यावर टाकवली आहेत. दुर्बीण परत पाठवू नकोस, फेकून दे. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त एका ओळीत कळव, दोन्ही डोळ्यांनी दिसतं की नाही.

मामा


२० फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

दिसतं. दोन्ही डोळ्यांनी. डावा जरा पुसट आहे, तुमच्या दुर्बिणीच्या डाव्या भिंगासारखा, तेव्हा आता आमची दोघांची जोडी जमली. डॉक्टर म्हणतात, सुधारेल. खांदा वर उचलताना दुखतो. मामी वेणी घालून देते आणि घालताना तुमच्या नावाने बोलते.

एक ओळ मागितली होतीत, पण मला जास्त लिहायचं आहे. तुमच्यावर राग आहे, मामा. अजून आहे. आणि तुम्ही पुस्तकं माळ्यावर टाकलीत, त्याचाही आहे.

भीती गेलेली नाही. नवा पंपचालक आला आहे. गंमत म्हणजे इथले पाइप खरोखरच वाजतात. पहिल्या दिवशी वाजले, तेव्हा मी प्रयोगशाळेच्या टेबलाखाली होते, कशी गेले मला आठवत नाही. कारकुनाने दिवा लावला आणि शेजारी खुर्ची ओढून बसला. पण पाइपांपेक्षा हाकेची भीती जास्त आहे. सकाळी पाण्यावरून एखादी मादी साधंसुधं ओरडते आणि मी खिडकी लावून घेते. वाटतं, ही खरी कशावरून? लव्हाळ्यातून कोण बोलतंय? नमुने काढायला शिपायाला पाठवत होते. महिनाभर काठावर गेलेच नाही. बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता.

काल मामी म्हणाली, चल, मला दाखव तुमची ती बदकं. मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, मला कुठे जमतं, मला तर कावळा सोडून काही ओळखू येत नाही. मग तिने तो मफलर स्वतःच्या डोक्याला बांधला. छर्ऱ्यांची भोकं तिने रफू केली आहेत, लाल लोकर पुरली नाही म्हणून केशरीने. माझा हात धरला आणि निघाली.

काठ जवळ आला. धुकं विरलं होतं, पाणी दिसत होतं, आणि पाण्यावर शेकडो बदकं, सगळी गप्प. त्या कोपऱ्यातही चार-पाच तपकिरी होती. हलत नव्हती. मी मामीचा हात इतका घट्ट दाबला की ती ओरडली, अगं, बांगडी फुटेल. मी कुजबुजले, मामी, हळू बोल. तुम्ही शिकवलेली सवय, दुसरं काय?

ती म्हणाली, का म्हणून हळू? आणि तिने दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. हॅट् हॅट् म्हणत, पदर खोचून, पाण्यात खडा टाकत ती काठाने त्या कोपऱ्याकडे चालत गेली. मामा, सगळी बदकं उठली. एकदम. पंखांचे हिरवे, पांढरे पट्टे उघडत, डोक्यावरून, इतक्या जवळून की वारा लागला. कुठली चक्रांगं, कुठली भुवई बदकं, मी काही ओळखायचा प्रयत्न केला नाही. मी फक्त पाण्याकडे बघत होते. कोपऱ्यातलीही उडाली. पहिली, दुसरी, आणि मागे राहिलेली एक, जिच्यावरून माझी नजर हटत नव्हती, तीसुद्धा.

पाण्यावर एकही उरलं नाही. मी मामीला म्हटलं, सगळी खरी होती. आणि मग मला रडू आलं.

अर्ज फाडला आहे. पुस्तकं खाली काढून घ्या.

तुमची टिटवी